‘मशीन जिवंत आहे’ म्हणणारी कुसुम

राखोलीच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर त्या सकाळी वॉचमन म्हणाला, “मीनाबेन, कुसुमबेन ऑफ थई गया.” मी म्हटलं, “आज कशी रजा घेतली? काल तर काही बोलली नाही.” गुजरातीत माणूस गेलं की ‘ऑफ’ म्हणतात, हे इतकी वर्षं सिल्वासात राहून मला ठाऊक होतं… पण डोक्यात शिरलंच नाही. आदल्या संध्याकाळी आमलीतल्या घरी पोळ्या लाटताना तिचं डोकं दुखायला लागलं, भिंतीला टेकून बसली, आणि वापीच्या दवाखान्यात पोचण्याआधीच संपलं सगळं. पस्तिशीही गाठली नव्हती तिनं. महिना उलटला, तरी जेवायच्या सुट्टीत मी तिच्या खुर्चीकडे वळते…

ती धुळ्याची. नवऱ्याला, सुरेशभाऊंना, इथं फिटरची नोकरी लागली म्हणून आली. मी चिपळूणची. दोघी सूत रंगवायच्या लॅबमधल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा तो काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ आम्ही लांबूनच बघायचो. कुसुम बिनधास्त जाऊन बसली. मशीन रेंगाळलं की सुरू होताना काय काय आपोआप उघडतंय ते बघायची, नको ते काढून टाकायची, उरलेल्यांचा क्रम बदलायची. “मेमरी एवढीशी, मीनाताई. गर्दी केली की बसतंच ते.” पुढे विंडोजवाली नवी मशीनं आली. त्यांच्यावर आमचा रंगांचा जुना प्रोग्राम काही केल्या चालेना, म्हणून ते पहिलं, डॉसवर चालणारं मशीन लॅबमध्येच राहिलं.

एकदा लाइट सारखी जात-येत होती, त्यात ते बंद पडलं. सगळ्या रंगांची मापं त्याच्या पोटात. बाहेरून बोलावलेला इंजिनियर म्हणाला, फॉरमॅट करावं लागेल. म्हणजे सगळं पुसायचं! कुसुम आडवीच आली. “मशीन जिवंत आहे ना भाऊ? मग तिरडी कसली बांधता?” मॅनेजर वैतागले, “कुसुमबेन, ऑर्डर अटकी पडी है.” “दुपारपर्यंत द्या मला.” तिनं फ्लॉपी घालून मशीन त्या फ्लॉपीवरून सुरू केलं, काहीतरी टाइप केलं, आणि फायलींची नावं भराभर वर सरकू लागली. “बघा, आतलं सगळं शाबूत आहे. उठायचं कसं, तेवढंच विसरलंय.” बिघडलेल्या सिस्टिमच्या फायली तिनं पुन्हा चढवल्या. मशीन उठलं. मला रडू फुटलं, आणि ही म्हणते, “चहा सांगा ना कोणीतरी!”

तिच्यासाठी मात्र कोणाला दुपारपर्यंतही मुदत मिळाली नाही…

परवा सुरेशभाऊ तिचं सामान न्यायला आले. कपाटात तिच्या फ्लॉप्यांचा डबा होता. दमट हवेत फ्लॉप्यांना बुरशी धरते म्हणून तिनं घरचा स्टीलचा डबा आणून ठेवला होता. झाकणावर कोरलेलं, ‘चि. कुसुम हिस मामांकडून.’ त्या अक्षरांवरून त्यांनी अंगठा फिरवला. “हा डबा घरात किती शोधला आम्ही… विचारलं की हसायची नुसती.” मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि माझ्या हातात परत दिला.

“इथंच राहू द्या, ताई. मशीन बंद पडलं तर लागेल.”

मी डबा कपाटात ठेवला. मशीन उठवणार कोण, हे ना त्यांनी विचारलं, ना मी.