मधुभाऊजींची मुदखेड पॅसेंजर

सकाळी साडेनऊच्या सुमारास ताईचा फोन आला. "वसंता, तुह्ये भाऊजी गेले." मी दाढी करत होतो. गालाला साबण तसाच ठेवून विचारलं, "कुठं? हैदराबादले?" मग ताई हळूच म्हणाली, "नाही रे... गेले." दीड महिना झाला, त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण माझी बाजूही समजून घ्या. मधुभाऊजी निवृत्त झाल्यापासून 'भाऊजी गेले' असा ताईचा फोन मला कितीदा तरी आलेला होता आणि दर वेळी ते हैदराबादलाच गेलेले असायचे. कधी खेळण्यातल्या इंजिनाचं चाक आणायला, कधी वीतभर रूळ आणायला, एकदा तर नुसत्या गोंदाच्या नळीसाठी. ताई आंघोळीला गेली की हे पिशवी उचलून पहिली बस धरायचे. या वेळी मात्र ते घरीच होते. चहा पिऊन खुर्चीत बसलेले, मांडीवर रेल्वेचा एक छोटा डबा, हातात चिमटा... आणि तसेच गेले.

मधुकरराव माझे मेहुणे, माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलभाताईचे यजमान. सगळी नोकरी आदिलाबादच्या तहसील कार्यालयात, तीही रेकॉर्डच्या खोलीत. फाइलीला मिसल, तपासणीला मुआयना, हे दफ्तरी शब्द त्यांच्या तोंडात असे बसले होते की भाजीत मीठ कमी पडलं तरी ते "दुरुस्ती व्हावी" म्हणायचे. हसणं बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. त्यांचं आजोळ किनवटकडं. लहानपणी दर सुट्टीत ते छोट्या लाईनच्या मुदखेड गाडीनं आजोळी जायचे. पुढं लाईन मोठी झाली, छोटी गाडी बंद झाली. त्या दिवशी या माणसानं नोकरीत क्वचितच घेतलेली रजा घेतली, प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिले आणि घरी येऊन न जेवता झोपले. ताईला वाटलं, ऑफिसात काही झालं. खरं कारण तिला कितीतरी वर्षांनी कळलं.

निवृत्तीनंतर ते हैदराबादला मुलाकडं गेले होते, तिथल्या एका दुकानात त्यांना काचेमागं मॉडेल रेल्वे दिसली. इंजिन, तीन डबे, गोल रूळ, विजेवर चालणारी, परदेशी. नातवासाठी घेतो म्हणून घेतली. नातू तेव्हा आठ महिन्यांचा होता. गाडी आदिलाबादला आली, ताईच्या घरातल्या मधल्या खोलीत दोन खाटांवर प्लायवुड टाकून तिची स्थापना झाली, आणि ताईचं शिलाई मशीन व्हरांड्यात गेलं. मी पाहायला गेलो तर भाऊजी भिंग लावून बसलेले, चेहरा पडलेला. "वसंता, हे गाडी आपली नाही," म्हणाले. मी म्हटलं, "पैसे देले ना तुमी? मंग आपलीच." त्यांनी माझ्याकडं, अर्ज चुकीच्या खिडकीवर आणणाऱ्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं. "खिडक्याईले गज कुठं हायेत?"

तिथून सुरुवात झाली. जळक्या मोटारीच्या वाइंडिंगमधली बारीक तार काढून त्यांनी प्रत्येक खिडकीला गज बसवले. डब्यांवरची परदेशी अक्षरं ब्लेडनं खरवडली. नळाला लावायच्या एम-सीलचे प्रवासी केले. टोपरं घातलेलं बाळ, विडी ओढणारा म्हातारा, गार्डच्या डब्यात एक शेळी. माणसं बोटाच्या पेराएवढी, पण सगळ्यांची तोंडं ओळखीची. दारात उभी असलेली, कमरेवर हात ठेवलेली बाई पाहून ताई म्हणाली, "हे मी हाये का?" भाऊजी म्हणाले, "तिकीट तपासनीस हाये." त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही. शेजारच्या लक्ष्मम्मा रोज कुंपणावरून तेलुगूत विचारायच्या, "अन्ना, रैलु वच्चिंदा?" गाडी आली का? आणि भाऊजी गंभीरपणे सांगायचे की आज उशिरा आहे, काम चालू आहे. प्रत्येक डब्याची वेगळी मिसल होती. लाल फडक्यात बांधलेली, आत मुआयन्याचे कागद. 'डबा क्र. २. छताचा मुआयना केला. गळती नाही.' मधल्या खोलीत पाऊस कुठून येणार, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

सगळ्यात मोठा घोळ रंगाचा. जुन्या डब्यांचा रंग नेमका कोणता, यावर आमचं दोन वर्षं जमलं नाही. मी म्हणायचो विटकरी, ते म्हणायचे जांभळाकडं झुकणारा. शेवटी ते एक डबा रुमालात गुंडाळून साडीच्या दुकानात गेले आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले, "याले मॅचिंग फॉल दाखवा." त्यानं बिचाऱ्यानं लालसर-तपकिरी फॉलचे गठ्ठे काउंटरवर ओतले. मागं बायका खोळंबल्या. एकीनं विचारलं, "काकाजी, साडी कुठं हाये?" भाऊजींनी रुमाल उघडून रेल्वेचा डबा दाखवला. मी तेवढ्यात दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. तीन फॉल पसंत झाले, पण खात्री पटेना. तेव्हा कोणीतरी सांगितलं की गावाजवळच्या मावल्याला एक म्हातारे गार्ड राहतात, छोट्या लाईनवर नोकरी झालेले. आम्ही दोघं गेलो. गार्डसाहेब अंगणात बाजेवर बसले होते. भाऊजींनी फॉलचे तीन तुकडे त्यांच्या मांडीवर पसरले आणि कोर्टात विचारावं तसं विचारलं, "सांगा, यातला कोणता?" म्हाताऱ्यानं तिन्ही तुकडे उन्हात धरले, परत दिले. "कायचा रंग घेऊन बसला बाबू! धुळीचा रंग होता. पावसाळ्यात चिखलाचा."

परतीच्या रिक्षात भाऊजी फॉलच्या तुकड्यांची नुसती घडी घालत आणि उलगडत बसले. मला वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर स्टेशनच्या बाजूचा मुरूम आणून, मलमलीच्या फडक्यातून चाळून, ताईच्या पावडरच्या पफनं ते डब्यांवर धूळ बसवत होते. चार महिने लागले. खिडकीखाली पाण्याचे ओघळ, दाराजवळ हातांचे डाग, चाकांवर तेलकट काजळी. खरं सांगतो, पूर्ण झाली तेव्हा मलाही माझ्या लहानपणीची गाडी दिसली. मी म्हटलं, "भाऊजी, वास तेवढा राह्यला." ते हसले. चक्क दात दिसले.

त्यानंतर आठ दिवसांनी ते बासरच्या सरस्वतीला गेले, मुलाच्या घरच्यांसोबत, नातवाच्या अक्षराभ्यासाला, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायला. ताईचे गुडघे धरलेले, ती घरी थांबली. संध्याकाळी पाहुणे येणार होते, म्हणून तिनं घर आवरायला काढलं... आणि ओल्या फडक्यानं सगळी गाडी पुसली. तिन्ही डबे, इंजिन, शेळीसुद्धा. भाऊजी परत आले, हात-पाय धुऊन मधल्या खोलीत गेले. ताई कौतुकाच्या अपेक्षेनं दारात उभी. "येवढी धूळ बसली होती, तुमाले दिसत नाही काऊन? म्या लख्ख केली." भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. ताईनं मला बोलावून घेतलं. मी समजावून सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली, मग रडली, मग चिडली. "धूळ लावाले चार महिने? मले सांगतलं असतं तर न पुसता चार दिवसांत बसवून देली असती!"

चौथ्या दिवशी ती गुडघे दुखत असताना बसनं तलमडुगूला गेली, आमच्या चुलतभावाच्या शेतात. संध्याकाळी स्टीलचा डबा भरून माती घेऊन आली आणि भाऊजींच्या पुढ्यात ठेवली. "घ्या. पाह्यजे तेवढी लावा." भाऊजींनी झाकण उघडलं, चिमूट बोटांत चोळली. मी मनात देवाचं नाव घेतलं, कारण त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. "हे काळी माती हाये," ते म्हणाले. "स्टेशनवर मुरूम असते." ताईचा चेहरा उतरला. भाऊजींनी तिच्याकडं पाहिलं, मातीत परत बोटं घातली. मग म्हणाले, "पण तलमडुगूचे लोक गाडीत चढतीन तर पायाले हेच माती राहीन ना." आणि ती सगळी माती त्यांनी डब्यांच्या आत, बाकांखाली, एकेक चिमटीनं पसरली. बाहेरून ती कोणालाही दिसत नाही. मिसलीत मात्र नोंद आहे, 'आतील माती सौ. सुलभा यांजकडून प्राप्त. योग्य आढळली.' ताईच्या संसारात तिला मिळालेली ही एकमेव लेखी शाबासकी.

आता गेल्या आठवड्यातलं सांगतो. ताईच्या मुलानं कोणाला तरी कळवलं म्हणून हैदराबादहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. हौशी माणूस, अशा गाड्या गोळा करणारा, सभ्य. त्यांनी डबे उलटेपालटे करून पाहिले आणि हळहळून म्हणाले, "बहुत मेहनत की है, मांजी. लेकिन इसकी ओरिजिनल हालत नहीं रही." ताई पदर खोचून उठली. "ओरिजिनल तो येईच है," ती म्हणाली. "दुकान से आया वो नकली था." गृहस्थांनी मुकाट्यानं पोहे संपवले आणि नमस्कार करून गेले.

ते गेल्यावर ताई मधल्या खोलीत आली आणि बटणांच्या खोक्याकडं पाहत म्हणाली, "वसंता, हे चालू कसं होते रे?" आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत भाऊजींनी आम्हा दोघांनाही त्याला कधी हात लावू दिला नव्हता. मी एक बटण दाबलं, काही नाही. तिनं दुसरं फिरवलं. दिवा लागला, इंजिन थरथरलं, आणि गाडी निघाली... उलटी. गार्डचा डबा पुढं, इंजिन मागं, शेळी सगळ्यांत आघाडीवर. मी घाईनं बटण बंद करायला गेलो तर ताईनं माझा हात धरला. ती खाटेच्या कडेला टेकली होती, मान गाडीबरोबर फिरत होती.

"राहू दे," म्हणाली. "जाऊन राह्यली ना मुदखेडले, जाऊ दे. येतानी सिधी येईन."