आप्पांसाठी अर्ध्यात थांबलेलं शटर

मी वीजखात्यात नोकरी केलेला माणूस, आता रिटायर झालोय. घरातला दिवा आपोआप लागतो, सासूबाई गेल्यापासून मिक्सर मध्येच सुरू होतो… असल्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. दर वेळी कुठेतरी वायर सैल निघायची. भूत एकदाही निघालं नाही! त्यामुळे या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो आणि वाचून झालं की बायकोला त्यातल्या चुका समजावून सांगतो. ती ऐकत नाही, हा भाग वेगळा.

आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती गालातल्या गालात हसतेय. हसू दे.

गोष्ट माझ्या भावजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. नाव बळीराम. भिवंडीजवळ अंजूरला घराला लागूनच त्यांचं शटर बनवायचं वर्कशॉप. कशेळीकडून पूर्ण्याकडे गाडीतून जाताना हा माणूस दोन्ही बाजूंच्या गोडाऊनांकडे बोट दाखवायचा — "तो माजा. तो पन माजा." शेजारी नवीन माणूस असला की त्याला वाटायचं, केवढा मोठा मालक! गोडाऊन दुसऱ्याचं, शटर तेवढं यांचं.

कामाला मात्र वाघ. एखाद्या गोडाऊनचं शटर अडकलं आणि बाहेर भरलेला कंटेनर उभा आहे असा फोन आला, की भावजी ताटावरून उठून जायचे. त्यांचा जुना कारागीर रफीकभाई पुटपुटत मागून निघायचा. रविवारी मात्र देव जरी शटर दुरुस्तीला आला असता तरी त्याला बाहेर बसवला असता. रविवारी चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, तेही स्वतःच्या हातचं. आणि जेवताना नांगे फोडून त्यातला गर ताईच्या ताटात ठेवायचे, समोर पाहुणे असोत की व्याही. मी चिडवलं तर म्हणायचे, "तू पन ठेव ना बायकोच्या ताटान. हात झडतान का?" मला हा माणूस मनापासून आवडायचा. हे त्यांच्यासमोर मी कधी बोललो नाही, पण त्यांना ठाऊक असावं.

हळदीत तर विचारू नका. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी गोष्ट, आणि बेंजो, म्हणजे आमच्याकडचा वाजंत्रीचा ताफा, सुरू झाला की भावजी नाचायला पहिले मैदानात. नात्यातली असो की नुसती ओळखीची, कुठल्याही हळदीत.

वर्कशॉपला त्यांनी मोटरचं शटर बसवलं होतं. रिमोट कायम शर्टाच्या खिशात. कोणी भेटायला आलं की शटर कमरेइतकं वर घ्यायचं आणि थांबवायचं. "आदी मुजरा कर, मंग आत ये!" गळ्यात सोन्याच्या साखळ्या घातलेले बिल्डर वाकलेत तिथे. मी तर दर भेटीत वाकलोय. एकच माणूस सुटायचा — भावजींचे थोरले भाऊ. त्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो. वडील लवकर गेले, तेव्हा आप्पांनीच भावजींना वाढवलं. आप्पा दिसले की शटर पार वरपर्यंत जायचं.

मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलं. बेंजो भावजींनी स्वतः जाऊन ठरवला. आणि एका सकाळी चहा पिता पिता छातीत दुखायला लागलं म्हणाले… हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

घरात असं झालं की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकावं असं आमच्यात मानतात, म्हणून तारीख बदलली नाही. पण आप्पांनी सांगितलं — वाजाप नाही, म्हणजे बेंजो नाही. धवलारीण बाई लग्नाची जुनी गाणी म्हणतील तेवढंच. आणि आप्पांचा शब्द घरात कोणी मोडत नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही मांडवात होतो. आप्पा वर्कशॉपच्या बंद शटरसमोर सावलीला खुर्ची टाकून बसलेले. प्राची तावातावाने आली.

"आप्पा, बाबांनी सोता ठरवलेला बेंजो हाय तो. तो न्हाय त मी हलदीला बसनार न्हाय."

"दोन महिनं न्हाय झालं मानूस जाऊन, आन दारान बेंजो? लोका तोंडान शेन घालतील!"

"बाबांना चालला असता!"

"मंग तुमचा तुमी करा." आप्पा खुर्चीवरून उठले. "मी जातो घरा."

ताई मध्ये उभी, पदराचं टोक मुठीत. बापाच्या जागी उभा राहणारा माणूस मांडवातून निघून जातोय आणि नवरी रडतेय.

तेवढ्यात मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

शटर हललं. घर्रर्र करत सावकाश वर आलं, कमरेइतकं. आणि थांबलं.

खरं सांगतो, माझा पहिला विचार भुताचा नव्हता. कोणी तरी चोरून लाईन घेतली, हाच होता. सवय! कारण वर्कशॉप बंद राहणार म्हणून भावजींच्या बाराव्यानंतर मीच मेन स्विच पाडला होता आणि फ्यूज काढून कशेळीला माझ्या घरी नेले होते. रिमोट ताईच्या कपाटात, त्यातले सेल काढलेले. रफीकभाईने वाकून आत पाहिलं.

"अंदर कोई नहीं है साहब. मेन भी नीचे है… करंट किधर से आया?"

आप्पा त्या अर्ध्या शटरकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्यांच्यासमोर अर्ध्यात थांबलं होतं.

मग ताई बोलली. भावजी गेल्यापासून तिचा आवाज आम्ही नीट ऐकला नव्हता.

"आप्पा, जावा ना आत. किती येल ताटकलत ठेवनार त्यांना?"

आप्पांचे गुडघे दुखतात. एक हात शटरला लावून ते हळूहळू वाकले आणि आत गेले. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग हसण्याचा आवाज आला, आणि "बल्या, बल्या…" असं काहीतरी. बाहेर येतानाही वाकूनच आले. डोळे लाल झाले होते.

"बेंजोवाल्याला फोन लावा," म्हणाले.

त्या संध्याकाळी आप्पा पहिले उतरले. दुखऱ्या गुडघ्यांनी, धोतर सावरत, भाचे-पुतणे थकून बसले तरी नाचत होते. हळदीने माखलेली प्राची रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. माझंही तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी टेस्टर घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. लाईन मेलेली. शेजारून कुठूनही सप्लाय नाही. बॅटरी बॅकअप या शटरला नव्हताच. मागचं दार बंद, कुलपाची चावी ताईच्या कमरेला. स्प्रिंगच्या ताणाने शटर वर जाऊ शकतं म्हणावं, तर मोटरचा ब्रेक घट्ट होता आणि मोटरचा आवाज तर मांडवातल्या सगळ्यांनी ऐकला होता. खात्यातल्या जुन्या मित्रांनाही विचारून झालं. कारण सापडलेलं नाही. आता मी शोधणंही सोडलंय.

लग्नानंतर एकदा आप्पांच्या ओटीवर बसलो होतो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "आप्पा, बेंजोला एवढं नाही का म्हणत होतात? खरंच लोकांसाठी?"

"लोकांचा काय रं…" आप्पा गुडघा चोळायला लागले. "बेंजो वाजला का बल्या पयला नाचाला उतरायचा. मना भ्याव वाटला. वाजाया लागंल, मी त्या गर्दीन बघीन, आन तो दिसाचा न्हाय."

"मग? दिसले का?"

"बघितलाच न्हाय," आप्पा म्हणाले. "मीच नाचत व्हतो."