मी रचलेलं भूत

बीडमधल्या त्या दगडी घरात भूत आहे, ही अफवा शाळेत असताना मीच उठवली होती. तिथे एकट्या राहणाऱ्या सुमनबाईंनी मला विडी ओढताना पाहून वडिलांना सांगितलं, एवढाच माझा राग.

आता तिथे थाई हॉटेल आहे. परवा दुपारी त्याच्या बागेत जेवायला बसलो होतो. सूपमधून गवती चहाचा वास आला आणि बाईंचं अंगण डोळ्यांपुढे उभं राहिलं. गवती चहाच्या वाफ्याशेजारी, फाटकात, त्या रिकामं पातेलं घेऊन उभ्या होत्या. दूधवाला बाहेरूनच म्हणाला, "न्हाई बाई, लई भ्या वाटतंय. आत कोन तरी हाय म्हनं."

"कोन असणार बाबा? मीच तर हाय हितं!"

तो माघारी वळला. तेव्हा मी हसलो होतो. आता त्या पातेल्याचा कोरडा तळ दिसत राहतो.

वेटर बशी ठेवत म्हणाला, "सायेब, हितं विहिरीवर बांगड्या वाजत्यात."

बांगड्या मी कधीच रचल्या नव्हत्या. तरी त्या वाजल्या, अगदी जवळ.

जेवण टाकून मी पाटोद्याला गेलो. बाई तिथे भाचीकडे असतात, फार थकल्यात. त्यांच्या पायांशी बसून म्हणालो, "बाई, ते भूत मी रचलं होतं. तुमच्या दारी येणारी माणसं मी तोडली. मला माफ करा."