आच, वेळ आणि भाऊजी

चहाची एवढी भक्ती करून जन्मभर चहाच बिघडवत आलेला माणूस आमच्या भाऊजींखेरीज अख्ख्या नागपुरात शोधून सापडायचा नाही! भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. सत्तरच्या दशकात ते एका प्रयोगशाळेत कोळशातून निघणाऱ्या डांबराच्या मागे लागले होते. डांबराची वाफ तापलेल्या नळीतल्या उत्प्रेरकावरून सोडायची, म्हणजे जड डांबर फुटून हलकी तेलं मिळतात. आच कमी पडली तर डांबर डांबरच राहतं, जास्त झाली तर नुसता वायू आणि उत्प्रेरकावर काजळी. वाफ घाईनं गेली तर न फुटताच पळते, रेंगाळली तर नको तितकी फुटते. हे मला कसं ठाऊक म्हणाल, तर त्यांच्या पंगतीला बसून! सदऱ्याला वास असा, की रिक्षावाले विचारत, "साहेब, पुढं रस्ता बनून राहिला का?"

त्यांचा मंत्र एकच. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची गा, नाही तं कशानं काय झालं ते समजत नाही." एकदा भर मे महिन्यात कूलर गार हवा देईना. शहाण्या माणसानं जाळीतला वाळाही बदलला असता आणि पाणीही, एकदमच. यांनी एक दिवस नुसता वाळा बदलला, दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी, तिसऱ्या दिवशी नुसती कूलरची खिडकी. तोवर घरातली माणसं उकडून निघाली.

ताईला पाहायला आले तेव्हाही हेच. आधीची स्थळं बारगळली होती. कुणाला तिचा रंग नडला, कुणाला तिचं फटकळ तोंड. हेही गेलं तर बाबा खचणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "चांगला आहे. आता फक्त आच कमी करून पुन्हा करून पाहता का?" बाबांचा चेहरा पडला. गेलं स्थळ! पण ताई कसली ऐकते? पदर खोचून म्हणाली, "पत्ती, दूध, साखर, आच, सारं तेच ठेवते. फक्त माणूस बदलून पाहू. चला, बसा शेगडीपाशी!" आणि अहो, नवरामुलगा खरंच उठून स्वयंपाकघरात गेला! चहा उतू गेला, उरला तो करपला. यांनी तो चवीनं प्यायला आणि आनंदानं मांडीवर थाप मारली. "सिद्ध झालं! फरक माणसाचा आहे. बाबा, मले पसंत आहे."

मागच्या महिन्यात ताई लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेली. मी डोकावलो, तर भाऊजी स्टोव्हपाशी, समोर घड्याळ मांडून बसलेले. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. "सारं तेच ठेवलं गा. मंग काहून तिच्यासारखा होऊन नाही राहिला?"

"फरक माणसाचा," मी चिडवलं. "तुम्हीच म्हणाला होता."

ते हसले नाहीत. "रविवारी तू अकोल्याले जाशील ना? तिले सांग, चहा बिघडून राहिला." मग कप विसळता विसळता म्हणाले, "चहाचंच सांग बरं. बाकी काही नको सांगू."

मी मान डोलावली, आणि रविवारी ताईला आधी बाकीचंच सांगितलं.