मामांची धाव

माझ्या बायकोच्या मामांइतकं लोखंडावर प्रेम करणारा माणूस खुद्द लोहयुगातही झाला नसेल. ते गेल्याला महिना होत आला. जाण्याच्या आदल्याच दिवशी त्यांचा फोन आला होता, "जावईबापू, उन्हाळा संपला. शनिवारी या, चाकावर धाव चढवू." दुसऱ्या दिवशी चिमटे घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि रांगेतच कोसळले.

इथे परदेशात, आमच्या कॅसल हिल उपनगरात, कुणाच्या वाढदिवसाला मामा आले की यजमान सुरी लपवत. एकदा एका बाळाच्या वाढदिवसाला केकची सुरी उचलून ते म्हणाले, "कांस्याचं हत्यार सरदारालाच परवडायचं, कथील लांबून यायचं ना. लोखंड जागोजागी. ते गाळायला जमलं आणि साध्या शिपायाच्या हातात भाला आला. रथातल्यांची झोप उडाली." बाळाच्या आईने सुरी हळूच काढून घेतली.

पण त्यांचा खरा जीव धावेत, म्हणजे लाकडी चाकाभोवतीच्या लोखंडी कड्यात. त्या कड्यामुळेच माणसाची गाडी दगडधोंड्यांतून दूर गेली, असं ते सांगत. क्रिकेट बघताना कुणी धावा विचारल्या की म्हणायचे, "एकच. गॅरेजमध्ये आहे." गावाकडचं एक चाक त्यांनी घरसामानाबरोबर जहाजाने आणवलं होतं. लाकडात किडा निघाला म्हणून बंदरावरच्या क्वारंटाइनवाल्यांनी लाकूड ठेवून घेतलं आणि धाव तेवढी परत दिली. मामा खूश. "बघा, लाकूड गेलं, लोखंड राहिलं. सगळा इतिहास हाच."

मग इथल्या आयर्नबार्क नावाच्या टणक लाकडाचं नवं चाक त्यांनी स्वतः केलं, धावेहून केसभर मोठं. तापून फुगलेली धाव त्यावर चढवायची आणि पाणी ओतायचं. निवताना ती चाक आवळून धरते. माप चुकलं तर चाक तडकणार. पण उन्हाळाभर फायर बॅन, उघड्यावर जाळ करायला बंदी. शेजारचा ग्रेग कुंपणावरून सांगायचा, "नॉट टुडे, मामा." त्याला मामांनी मराठीतलं एवढंच शिकवलं होतं, एक, दोन आणि धाव.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मामी म्हणाल्या, "पेटवा. त्यांचं माप बरोबर होतं का, मला बघायचंय."

ग्रेगने आणि मी लालभडक धाव चिमट्यांनी उचलून चाकावर ठेवली. मामींनी पाणी ओतलं. वाफ, धूर, आणि लाकडाची लांबलचक करकर. चाक गेलं असं वाटून मी डोळे मिटले.

"बसली," मामी म्हणाल्या.

मग आम्ही तिघेही थांबलो, आता कुणीतरी लोहयुगापासून सुरुवात करील म्हणून. लोखंड निवल्यावर मामींनी चाक उभं केलं आणि सोडून दिलं. ते गवतावरून घरंगळत कुंपणापर्यंत गेलं आणि टेकलं.

ग्रेगने टोपी काढली. "एक धाव, मामा," तो हळूच म्हणाला.