रँक या शब्दाचा मी सांगितलेला अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. म्हणजे — इथंच अडखळतो बघा मी. सांगितलं आहे. शेकडो जणांना सांगितलं आहे, हसत हसत, हातात खडू घेऊन. पण खोटं सांगितलं आहे. जे घडलं ते कुणालाच सांगितलेलं नाही.

मी उस्मानाबादेत एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, ‘रँक’ हा शब्द सर कसे शिकवायचे ते त्याला आठवत असेल. तास रंगायचा. मी सांगायचो की या शब्दाचा मूळ अर्थ हुद्दा नव्हे, दर्जाही नव्हे. मूळ अर्थ ओळ. माणसं एकमेकांच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभी राहिली की ती रँक. एकामागे एक उभी राहिली की फाइल. म्हणून साध्या शिपायांच्या अख्ख्या जमावाला इंग्रज ‘रँक अँड फाइल’ म्हणतो. त्याच्याही मागं गेलं तर शब्दाच्या तळाशी कडं आहे, रिंगण. माणसं गोल उभी आहेत, कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. पुढं कधीतरी ते कडं उलगडलं, त्याची ओळ झाली, ओळीवर ओळ चढली, वरची आणि खालची असा भेद आला, आणि शब्दाला हुद्द्याचा अर्थ चिकटला. त्याच स्पेलिंगचा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ माजलेलं, कुबट वासाचं. तो वेगळ्या घराण्यातला, पण कोशात दोघं शेजारी राहतात.

मग मी फळ्यावर मधोमध ‘रँक’ लिहायचो. त्याच्या एका अंगाला ‘रांग’, दुसऱ्या अंगाला ‘रंक’. म्हणायचो, नात्यागोत्याचे असतील-नसतील, पण आवाजानं हे आपले दोन शब्द त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत की नाही? पोरं खूश. आणि मग गोष्ट.

गोष्ट अशी, की निजामाच्या राजवटीत, मोठी लढाई संपल्यावर, एक गोरा साहेब लोहाऱ्याला आला. लढाईत मेलेल्यांच्या घरच्यांना भेटायला. एका अडाणी म्हाताऱ्याला त्यानं विचारलं, “रँक?” म्हणजे तुझ्या मुलाचा हुद्दा काय? म्हाताऱ्याला वाटलं, साहेब ‘रंक’ म्हणतोय. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, “व्हय सरकार, रंकच हाव आमी!”

वर्ग हसून लोटपोट व्हायचा. मी हात झटकून पुढच्या शब्दाकडं वळायचो.

त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? गमतीच्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याला नाव लागत नाही म्हणून? नाव होतं. धोंडिबा. लोहाऱ्याजवळच्या आमच्याच गावचे. वयानं माझ्या वडिलांपेक्षा मोठे, आणि मी मिसरूडही न फुटलेल्या वयापासून त्यांना ‘अरे धोंड्या’ म्हणत आलो होतो. ते मला ‘धाकलं मालक’ म्हणायचे, तुम्ही-आम्ही करायचे. माझे वडील गावचे पाटील. धोंडिबांचं घर वेशीबाहेर, महारवाड्यात. कुणी कुणाला ‘तू’ म्हणायचं आणि कुणी कुणाला ‘तुम्ही’ — आमच्या गावाला त्यासाठी इंग्रजी शब्दाची गरजच नव्हती.

त्यांचा एकुलता एक मुलगा किसन. माझ्याच वयाचा. निजामाच्या शाळेत सगळं उर्दूत, म्हणून वडिलांनी मला इंग्रजी शिकायला सोलापूरला मामाकडं ठेवलं होतं. किसनही सोलापूरला गेला, पण भरतीला. मी इंटरला नापास होऊन परत आलो. वडील गावात सांगायचे, पोरगं वकिलीची तयारी करतंय. मी ओसरीवर बसून ती तयारी करत होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं, त्या वेळी मी कुठं होतो, ते सांगतो.

किसन शेवटच्या रजेवर आला तेव्हा पायांत बूट होते. वेशीत बसलेल्यांनी त्याला सोडलं नाही. “काय रं किसन्या, कुन्या साहेबाच्या मड्याचं काडून आनलंस? बूट झ्याक हायेत की!” तो हसला आणि बूट काढून हातात घेऊन गावातून गेला. संध्याकाळी मला ओढ्याजवळ भेटला. खांद्यावरची निशाणी मी पाहिली. सोलापुरात फौजेची माणसं मी पाहिली होती, मला ती कळत होती. किसन जमादार झाला होता. जमादार म्हणजे शिपाई ज्याला सलाम करतात तो. फौजेत त्याला खुर्ची मिळते.

तो म्हणाला, “मालक, एक काम व्हतं. आमचा आबा गावात सांगतुया, ल्योक जमादार झाला म्हनून. तर कुनी खरं मानत न्हाय. म्हंत्यात, हमाली करत आसंल गोऱ्यांची. तुमाला इंग्रजी येतंय, समदं ठावं हाय. चावडीत एकदा बोला की. तुमचं ऐकत्यात.”

मी म्हणालो, “बोलतो की.”

बोललो नाही. तेवढ्यावरच राहिलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं कधी कधी. माणसं शब्द देऊन विसरतात, त्यात काय एवढं? किसन रजा संपवून गेला आणि बर्माच्या बाजूला कुठंतरी मेला. धोंडिबांना निरोप आला तो एवढाच, की तो मेला. पुढचं काही नाही.

आणि धोंडिबांचं तर सुरूच होतं. लाकडं फोडताना, चावडीपुढं उभं राहून, दिसेल त्याला — “माजा ल्योक जमादार व्हता.” लोक डोळे मिचकावायचे. “व्हय रं, आन् तू सुभेदार!” मुलगा गेल्याचं दुःख त्यांनी कसं सोसलं मला ठाऊक नाही, पण मुलगा खोटा ठरतोय हे त्यांना सोसत नव्हतं. तेवढंच मागणं होतं त्यांचं. कुणीतरी मोठ्या माणसानं चारचौघांत एकदा म्हणावं, की हो, होता.

मग तो साहेब आला.

लोहाऱ्यात शामियाना ठोकला होता. पुढं खुर्च्यांची एक ओळ, मागं सतरंज्या, त्यांच्या मागं उघडी जमीन. गावोगावचे पाटील खुर्च्यांवर. मेलेल्यांपैकी जे हुद्देदार होते त्यांच्या बापांनाही खुर्ची. तहसिलीतला पेशकार मला हे कानात सांगून गेला, कारण दुभाषा मी होतो. साहेब विलायतेहून नवाच आलेला, हिंदुस्तानी जेमतेम. पलटणीचे कागद अजून मागंच होते, म्हणून तो एकेकाला स्वतः विचारत चालला होता. नाव काय, गाव कोणतं, रँक काय. मी सांगायचो, तो मान डोलवायचा, आणि पेशकार त्या माणसाला जागा दाखवायचा.

माझ्या वडिलांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

ती मला सारखी दिसत होती. अख्खं गाव जमलेलं. धोंडिबा धुतलेलं पागोटं बांधून उन्हात उभे होते, आणि मी ती खुर्ची पाहत होतो. वडिलांच्या बाहीला धोंडिबांची बाही लागेल. वडील उठून जातील का? की बसून राहतील? आणि माझ्याकडं पाहतील का — माझा मुलगा नापास, धोंड्याचा जमादार, असं?

साहेब धोंडिबांसमोर आला. नाव झालं, गाव झालं. मग म्हणाला, “रँक?”

इथवर वर्गातली गोष्ट खरी आहे. यापुढं नाही.

अनेक वर्षं मी स्वतःलाही सांगत आलो, की त्यांनी चुकीचं ऐकलं आणि मी फक्त गप्प बसलो. गप्प बसणं हे काही खोटं बोलणं नव्हे, नाही का? हे इतक्या वेळा घोटलं की कधी कधी मला तेच आठवायचं. पण धोंडिबांनी चुकीचं ऐकलं नव्हतं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. परका शब्द, त्याचा अर्थ त्यांनी लावलाच नाही. ते माझ्याकडं वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “मालक, साहेब काय म्हंत्यात?”

त्यांनी मला विचारलं. आणि मी सांगितलं.

मी म्हणालो, “साहेब विचारतोय, तुम्ही लोक रंक आहात का?”

हा शब्द मला कुठून सुचला? शोधावाही लागला नाही. जिभेवर तयारच होता. रांग हा शब्दही तिथंच होता, तेवढ्याच जवळ. “तुझा किसन कोणत्या रांगेत उभा राहायचा,” असं विचारलं असतं तरी ते बरोबर ठरलं असतं. ते म्हणाले असते, पुढच्या.

कुणी असं तोंडावर विचारेल असं धोंडिबांना वाटलं नसावं. पण साहेब विचारतोय, आणि मालकांनी सांगितलंय. त्यांनी हात जोडले. “व्हय सरकार. रंकच हाव आमी.” आणि मग माझ्याकडं पाहून, चेहरा एकदम उजळून — “बाकीचं तुमी सांगा, मालक. किसनाचं. तुमाला ठावं हाय.”

मी साहेबाकडं वळलो आणि म्हणालो, “नो रँक, सर.”

तीन शब्द. साहेबानं मान डोलावली. पेशकारानं मागची उघडी जमीन दाखवली. धोंडिबा जागचे हलेनात. त्यांना वाटलं असेल, अजून काही व्हायचं आहे. पेशकार खेकसला, “चल चल, पिछू बैठ.” ते गेले. जाताना त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. माझं काहीतरी सांगायचं राहून गेलं असावं, अशी ती नजर होती, मला आठवण करून दिल्यासारखी.

खुर्ची रिकामीच राहिली. वडिलांनी तिच्यावर आपली काठी ठेवली.

संध्याकाळी गावात परत येईपर्यंत गोष्ट तयार झाली होती. ती मी तयार केली नाही. ज्यांनी लांबून पाहिलं त्यांनी केली. त्यांना माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. साहेबाचा शब्द आणि धोंडिबांचं उत्तर, एवढंच गेलं होतं. “साहेबानं हुद्दा इच्यारला, तर ह्यो म्हनतुय रंक हाव! घ्या आता, जमादार!” त्या दिवसापासून त्यांचं नावच रंक पडलं. “काय रं रंक, निगालास कुटं?” पोरंसुद्धा. ही गोष्ट मला फुकट मिळाली. तिच्यात मी नव्हतोच. मला फक्त ती पुढं सांगायची होती, आणि मी ती उभा जन्म सांगितली.

धोंडिबांनी त्यानंतर गावात किसनचं नाव काढलं नाही. मला कधी विचारलंही नाही, की तुम्ही साहेबाला काय सांगितलंत. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, नाही. मला वाटतं, किसन जमादार होता हेच साहेबानं नाकारलं, असं त्यांना वाटलं. म्हणजे आपल्याच मुलानं आपल्याला खोटं सांगितलं, असं. रात्री जाग आली की हेच येतं. गावानं हसणं वेगळं. पण बापाच्या मनात मी किसनला खोटं पाडलं, आणि तो खुलासा करायला परत येणार नव्हता.

एकदा संधी मिळाली होती. निजामाचं राज्य गेलं तेव्हा नळदुर्गाच्या रस्त्यानं हिंदुस्थानी फौजेच्या गाड्या येत होत्या. आम्ही सगळे पाहायला गेलो होतो. गर्दी, घोषणा, धूळ. धोंडिबा कधी माझ्या बाजूला येऊन उभे राहिले मला कळलं नाही. खूप वाळले होते. गाड्यांमधल्या एकेका माणसाच्या खांद्याकडं निरखून पाहत होते.

“धाकलं मालक,” ते म्हणाले, “ह्यातला जमादार कंचा म्हनायचा? दिसाय कसा आसतुय, तेवढं बघायचं हाय.”

समोरच एक गाडी थांबली होती. पुढच्या बाजूला बसलेल्या माणसाच्या खांद्यावर तीच निशाणी होती जी मी ओढ्याजवळ पाहिली होती. बोट दाखवायचं, एवढंच. आता ना साहेब होता, ना खुर्ची, ना वडील जवळ. पण बोट दाखवलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग त्या दिवशी?

मी म्हणालो, “मला काय ठाऊक?”

“व्हय, तुमी तरी कसं वळकनार,” ते म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत पाहत राहिले. त्यांना त्या माणसाच्या शेजारचा ड्रायव्हर जमादार वाटला असावा, कारण त्यांनी त्याला हात जोडले.

पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मी तेव्हा उस्मानाबादेत नोकरीला लागलो होतो. बातमी कळली त्याच आठवड्यात मी वर्गात ‘रँक’ शिकवला.

किसन धोंडिबा जमादार होता. मी त्याच्या खांद्यावर ते पाहिलं होतं. त्याचे वडील खरं बोलत होते.