मनाईच्या तळ्यावर प्रयागबाई

वाशीमहून रिठदकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, तळ्याच्या काठाला आमचे गाव आहे. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. वरच्या कचेरीकडे जे अर्ज मी केले त्यांत नाव, तारीख, सही, सर्व काही होते. ते अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ ज्यांच्याविरुद्ध केले होते त्यांच्याकडेच परत आले. तेव्हा नाव लिहिण्याची हौस आता उरलेली नाही. परंतु प्रयागबाईचे नाव लिहिणे मला भाग आहे, कारण तिचे नाव दुसरे कोणी लिहिणार नाही.

प्रयागबाई माळ्याची विधवा. पन्नाशी उलटलेली, उंच, सावळी, उन्हाने रापलेली. नवरा, मारोतराव, पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ नाही. दीर-जावांनी मळ्यातून काढून दिल्यावर तिने तळ्यातली गाळपेर धरली. पावसाळ्यानंतर तळ्याचे पाणी मागे हटू लागले की उघडी पडणारी गाळाची जमीन वाफे पाडून लावायची, हिला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. जमीन पंचायतीची, दरसालच्या बोलीवर दिलेली. त्या तुकड्यात प्रयागबाई कांदे, वांगी, मेथी, काकड्या काढी आणि डोक्यावरच्या टोपलीतून बाजाराला नेई. त्या वाडीखेरीज तिला जगण्याचे साधन नव्हते.

सकाळी वाफ्यांना पाणी देण्यापूर्वी ती घाटाच्या सपाट दगडावर येई. ओच्यात मूठ-दोन मुठी ज्वारी, कधी शिळी भाकर, कधी लाह्या. “या रे बाप्पा, या,” एवढेच ती म्हणे. कावळे, साळुंक्या, होले उतरत. कावळे तिच्या पायाशी भांडत. लाह्या पाण्यात पडल्या की मासे वर येत आणि मागून एखादे कासव संथपणे मान काढी. हा काही पुण्यसंचयाचा देखावा नव्हता. तोंडाने ती पाखरांना शिव्याही देत असे.

एक्कावन्न साली धान्याची टंचाई होती. रेशनच्या दुकानापुढे रांगा होत्या आणि ‘अधिक धान्य पिकवा’ असे भिंतींवर रंगवलेले होते. त्या उन्हाळ्यात आमचे सरपंच गुलाबराव यांनी ठराव केला की, तळ्याच्या हद्दीत पाखरे, मासे, कासवे अथवा कोणत्याही रानजीवास कोणी धान्य वा अन्न घालू नये. घालणारास दंड होईल, आणि तो गाळपेरीचा धारक असल्यास त्याची जमीन काढून घेतली जाईल. धान्याची नासाडी आणि पाण्याची घाण, अशी दोन कारणे खाली दिली होती. घाटावर फळा लागला. त्याच घाटावर गुलाबरावांच्या बैलगाड्या धुतल्या जात; बैलांची घाण ही बहुधा घाण नसावी. दुकानातली पोती ओल लागून कुजली तेव्हा ती नासाडीही कोणाला दिसली नव्हती.

फळ्यावरची अक्षरे मी प्रयागबाईला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“पाखरू हे तळ्याच्या हद्दीत राह्यते, भाऊ. मंग त्याले कुठं नेऊन घालू? चावडीत?”

“काही दिवस थांबा. मी अर्ज करतो.”

“तुमी अर्ज करा. मी ज्वारी घालतो.”

अर्ज मी लिहिला. शेवटी ‘सबब या निराधार विधवेवर दया व्हावी’ असे वाक्य होते. अर्जात ते असावे लागते. तिला ते वाचून दाखवताच अंगठा पुढे आला होता तो मागे गेला.

“दया काहून? मी चोरी केली का कोनाची?”

वाक्य खोडल्यावर अंगठा उमटला. अर्जाचे काय झाले ते वर आलेच आहे.

पंचायतीने मोहनसिंग नावाचा पहारेकरी नेमला. त्याच्याकडे गोफण आणि वाजवायला एक पत्र्याचा डबा दिला. पाखरे जमली की डबा वाजवायचा, न हलली तर खडा मारायचा. प्रयागबाई ज्वारी टाकी, मोहनसिंग डबा बडवी. दोघांचे बोलणे मी अनेकदा ऐकले आहे.

“मावशी, मायी नोकरी खाऊ नोको.”

“तुयी नोकरी मी कायले खाऊ? मी भाकर खातो. तू डबा वाजव, मी दाने टाकतो. दोघंही आपापलं काम करू.”

“सरपंच पाहून राह्यले तिकडून.”

“पाहू दे. त्याले दाने पायजे असतील तर ओंजळ धर म्हनावं.”

मोहनसिंग हसे, आणि हसल्याची भरपाई म्हणून डबा अधिक जोरात वाजवी. पण डबा डबाच असतो. पावसाळा अर्धा सरेपर्यंत कावळ्यांनी घाट सोडला. काठावरच्या जुन्या चिंचेवरची त्यांची वस्ती उठली; ते गावकुसापलीकडे, दूरच्या बाभळींत गेले. प्रयागबाई रोज दाणे टाकीत राहिली आणि ते मुंग्या नेत राहिल्या. तिची जमीन तोवर पाण्याखाली गेल्याने ती काढून घेणे बोलीच्या वेळेवर राहिले. पंचायतीच्या सभेत नियम यशस्वी झाल्याची नोंद झाली.

भाद्रपदात गुलाबरावांची आई, सीताबाई, वारली. म्हातारी गावात सर्वांना हवी होती. तिच्या दहाव्याला घाटावर सगळा गाव लोटला. गुलाबरावांनी डोके भादरले, पिंड मांडले, भोवती तिला आवडणारे पदार्थ ठेवले आणि सर्वजण दूर सरून कावळ्याची वाट पाहू लागले. फळा तेथेच होता, त्यांच्या डोक्यामागे. ज्या कायद्यात अपवाद लिहिण्याचे सुचले नाही, तो कायदा लिहिणारा माणूस स्वतःच्या आईसाठी एका रानपाखरापुढे अन्न मांडून उभा होता. दंडाची आठवण कोणी काढली नाही. मीही काढली नाही. मेलेल्या म्हातारीशी माझे वैर नव्हते.

कावळा आला नाही. ऊन चढले. भातावर माशा बसल्या. म्हातारीची कोणती इच्छा राहिली, यावर कुजबुज सुरू झाली. गुलाबरावांनी मोठ्याने वचने दिली: बहिणीला लुगडे नेसवीन, गाय सोडीन, देवळाचा ओटा बांधीन. आकाश मोकळेच. शेवटी कोणीतरी म्हणाले, “प्रयागबाईले बोलवा.”

ती पलीकडच्या काठावरून तशीच आली, चिखलाच्या पायांनी. गुलाबराव तिच्याकडे पाहू शकले नाहीत.

“काकू,” ते म्हणाले, “मायसाठी एक हाक मारा.”

तिने पिंडाकडे पाहिले, हात जोडले, आणि नेहमीच्याच आवाजात हाक मारली: “या रे बाप्पा, या.” पुन्हा मारली. बराच वेळ मारीत राहिली. सीताबाईने तिला एकेकाळी घरात आसरा दिला होता, हे गाव जाणत होते. त्या हाकेत कसर नव्हती. पण कोणी आले नाही.

“उन्हाळाभर हाकललं, गुलाब,” ती अखेर म्हणाली. “आता बोलावून कसं यीन? पाखराले का तुया ठराव वाचता येते?”

दर्भाचा कावळा करून विधी उरकण्यात आला.

त्यानंतर पंचायतीला शहाणपण सुचले, पण ते पंचायतीच्या मापाचे होते. नियम रद्द झाला नाही. ‘मृतांच्या नावे घास ठेवणे यास हा नियम लागू नाही’ अशी एक ओळ त्यात वाढली. मोहनसिंगाचा डबा बंद झाला. आणि पंचांनी प्रयागबाईला चावडीवर बोलावले. बोलणे गोड होते. एक पंच धनसिंग, मनाने बरा माणूस, तिला समजावू लागला.

“मावशी, आता काहीच अडचन नाही. तुमी फक्त एवढं म्हना, का मी मारोतरावच्या नावानं घालतो. बस. वाडी तुमच्याकडंच. कार्तिकात बोली होनार हाये, तिच्यात तुमचं नाव पक्कं.”

“मारोतरावच्या नावानं?”

“हो. दोन शब्द.”

“त्याच्या नावानं मी घालत नाही, बाप्पा. त्याले पाखरं आवडत नव्हती. काकडी खातात म्हनून दगड मारे.”

चावडीत हशा पिकला. धनसिंग हसू आवरून म्हणाला, “मंग तुमच्या आईच्या नावानं म्हना.”

“तिच्या नावानं काहून? ती जिवंत असतानी मी तिले कधी पोटभर घातलं नाही. आता कावळ्याले घालून तिचं नाव लावू?”

“मंग कोनाच्या नावानं घालता तुमी?” गुलाबरावांनी विचारले.

“पाखराच्या. त्याले भूक लागते.”

“नियमात ते बसत नाही.”

“मंग नियम मोठा करा. मी ल्हान होत नाही.”

दोन शब्दांत जमीन मिळत होती. खोटे बोलायचे तेही कोणाला न दुखवणारे. गावात असे किती तरी सोयीचे खोटे रोज बोलले जाते, आणि बोलणारांचे वाडे उभे राहतात. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घाटावर ज्वारी टाकली, पहिल्यापेक्षा जास्त. पंचायतीने तिची वाडी काढून घेतल्याचे जाहीर केले.

कार्तिकात पाणी मागे हटले आणि चिंचेखाली बोली भरली. आजवर गाळपेरीची बोली नावालाच होत असे, कारण आमच्याकडच्या माळ्यांत एक रीत आहे: गाळात ज्याचे शेणखत मुरलेले आहे, त्याच्या तुकड्यावर दुसऱ्याने बोली बोलायची नाही. हे कोठे लिहिलेले नाही, म्हणून पंचायतीला ते दिसले नसावे. इतर तुकडे ज्याचे त्याला गेले. प्रयागबाईच्या तुकड्याचा पुकारा झाला. माळी तंबाखू मळीत बसून राहिले. पुन्हा पुकारा झाला.

“काहो, कोनालेच जमीन नोको काय?” गुलाबरावांनी विचारले.

“पायजे ना,” एक म्हातारा माळी म्हणाला. “पन तिच्यात बाईचं खत हाये. दुसऱ्याचं उष्टं आमी खात नाही.”

प्रयागबाई कडेला उभी होती. तिने बोली बोलली नाही, कारण तिला बोलण्याची मनाई होती. तिने विनंती केली नाही, कारण तिला ती येत नव्हती. शेवटी ‘निर्णय पुढील सभेत’ असे सांगून गुलाबराव उठले.

पुढील सभा झाली, त्यापुढीलही झाली. त्या तुकड्याचा विषय कोणी काढला नाही. प्रयागबाई थांबली नाही. बोलीच्या दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन आपल्या गाळात उतरली. मोहनसिंगाने काठावरून विचारले, “मावशी, कागद हाये का?”

“नाही.”

“मंग?”

“मंग काय? खाली ये, पाटाचा दांड धर. पानी वाहून राह्यलं.”

तो उतरला. आज त्या जमिनीचा कागद नाही, पावती नाही, परवानगी नाही. फळाही तसाच आहे. वांग्यांना फुले आली आहेत. कोणाला ती उपटायची असल्यास त्याने दिवसा, गावासमोर यावे.